सिस्टरांनी पाहिलेली घरं

सिस्टर घर बघायला मे महिन्यात निघायच्या, तेही भर दुपारी दोनला. त्या वेळी नांदुऱ्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून त्या पुढे चालायच्या आणि दलाल कुरकुरत मागून यायचा, कारण दलालांना सकाळच्या गारव्यात घर दाखवायला आवडतं. आत गेलं की सिस्टर रिकाम्या खोलीत मधोमध फरशीवर बसायच्या आणि बसूनच राहायच्या. "आत्ता जे घर आपल्याले बसू देते," त्या म्हणायच्या, "तेच घर भाडेकरूले राहू देते."

त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त होऊनही गाव त्यांना सिस्टरच म्हणे. निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. नोकरीत असतानाच त्यांनी रेल्वेरुळाजवळचं एक जुनं घर घेतलं होतं. गाड्यांच्या आवाजामुळे ते कुणीच घेत नव्हतं. सिस्टरांनी ते नीट केलं आणि रेल्वेतल्या लोकांना भाड्यानं दिलं. "त्यायले गाडीचा आवाज आला नाही तरच झोप लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. पुढे त्या पडकी घरं घेऊन, दुरुस्त करून विकूही लागल्या.

मी संग्रामपूरकडची. सासर सोडून नांदुऱ्याच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा खोली मिळेना. जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" सिस्टरांनी तो विचारलाच नाही. "नळ सकाळी येते. तुही शाळा कितीची हाय?" एवढंच विचारून त्यांनी आपल्या शेजारच्या खोलीची किल्ली हातात दिली.

दोन-तीन वर्षांत माझ्या मनात आपणही एखादं घर घ्यावं असं येऊ लागलं. भाड्याचा थोडा आधार होईल, म्हातारपणी कुणाच्या दारात जावं लागणार नाही. मी भीतभीत बोलले, तर सिस्टर म्हणाल्या, "मंग चाल. आधी पाह्याले शिक, घ्यायचं मागाहून."

मग आमच्या दुपारच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि घरांनाही फाडते. सिस्टर भेगेवरून बोट फिरवत रोग्याला तपासावं तशी भिंत तपासायच्या. "हे नुसतं खरचटलं हाय, पट्टी बांधली की झालं. अन् हे पाह्य, दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेली ना, हे हाड मोडलं." बोअरचं पाणी त्या स्वतः पिऊन बघायच्या. "भिंत रंगवता येते पोरी, पाणी रंगवता येत नाही."

एकदा मला एक घर फारच आवडलं. आकाशी रंग, छतावर प्लास्टरची फुलं. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले होते. सिस्टर खाली बसल्या, भिंतीच्या पायथ्याशी तळहात दाबला आणि हात माझ्यापुढे धरला. रंगाखालून सुटलेला मिठाचा पांढरा लोणा हाताला लागला होता. "खाऱ्या पाण्यात बांधलं हाय. दरसाल रंग देशील अन् दरसाल तो गळन." घरी येऊन मी रुसून बसले. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "आपल्याले राह्यचं नसते तिथं. आवडलं म्हणून घर घेतलं की हिशेब डोळे मिटून घेते." भाडंही वर्षाचे बारा महिने धरू नको, दहाच धर, असं त्या बजावत. एखादा महिना खोली रिकामी राहते, एखाद्या महिन्यात मोटर जळते.

त्याच उन्हाळ्यात जुन्या गल्लीतलं एक घर विकायला निघालं. मालकीणबाई एकट्या उरलेल्या, वय झालेलं, मुलगा पुण्याला बोलावत होता. सिस्टर त्या घराच्या फरशीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. भिंती तपासल्या, पाणी प्यायल्या आणि बाहेर पडल्या. गल्ली संपल्यावर म्हणाल्या, "बदली होऊन नवी आली होती ना मी, तवा याच घरात खोली मांगाले आली होती. बाईनं बसवलं, पाणी देलं. मंग आडनाव इचारलं. म्हणे, खोली कालच देली. मी तीन महिने दवाखान्यातल्या सामानाच्या खोलीत काढले."

मी थांबलेच. "मग तुम्हीच घ्या ना सिस्टर. आता तरी घ्या."

"काऊन? रागानं घर घेतलं की भाव आपल्या हाती राहत नाही." मग चालता चालता त्या शांतपणे म्हणाल्या, "घर चांगलं हाय. तू घे."

मी घेतलं. बँकेच्या कर्जासाठी धावपळ केली. माझा धाकटा भाऊ म्हणाला, एकट्या बाईनं घर घेऊन करायचं काय. सिस्टर मात्र एकाच गोष्टीवर अडून बसल्या. बाईंच्या दोन्ही मुलींनी स्वतः येऊन सही करावी. दलाल म्हणाला, पोरी काही हरकत घेत नाहीत. सिस्टर म्हणाल्या, "आज घेत नाहीत. लेकीची सही नसलेलं घर म्हणजे उसनं घर." खामगावहून आणि मलकापूरहून मुली आल्या, तेव्हाच खरेदीखताचा दिवस ठरला.

त्या दिवशी निबंधक कार्यालयाच्या बाकावर मालकीणबाई आणि सिस्टर शेजारी शेजारी बसल्या होत्या. सह्यांना अजून वेळ होता. बाईंच्या दोन्ही मुलींची बाळंतपणं सिस्टरांनीच केली होती, त्यामुळे बोलणं तसं घरगुतीच चाललं होतं. मध्येच बाई खाली बघत म्हणाल्या, "सिस्टर, तवा ते खोली रिकामीच होती."

"मले मालूम होतं," सिस्टर म्हणाल्या. "कडीवर धूळ होती."

बाईंनी त्यांचा हात धरला. सिस्टरांनी तो सोडवून घेतला नाही. माझं नाव पुकारलं जाईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.

दुरुस्तीचे पैसे कुठे लावायचे हेही त्यांनीच ठरवलं. दिवाणखान्याला हात लावू दिला नाही. स्वयंपाकघराला मोठी खिडकी पाडली आणि न्हाणीघर नवं केलं. "बाई सैपाकघर पाह्यते अन् माणूस बाईचं तोंड पाह्यते." पहिल्याच आठवड्यात दोन कुटुंबं आली. एक पोस्टातलं, दुसरं कापसाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणाऱ्याचं. मी कुणालाच आडनाव विचारलं नाही. करारनामा मात्र दोघांशीही केला, कारण माया आणि कागद वेगळे ठेवायचे, ही सिस्टरांची शिस्त. भाड्यातून हप्ता फिटू लागला. पुढच्या वर्षी शेजारचं पडकं घर घेतलं, नीट केलं आणि चांगल्या नफ्यात विकलं. आता माझा तोच भाऊ संग्रामपूरहून फोन करून विचारतो, "ताई, एक प्लॉट पाह्यला हाय. एक डाव येऊन पाह्यतं का?"

गेल्या वर्षी सिस्टरांचे गुडघे फारच धरले आणि लेकीनं त्यांना नागपूरला नेलं. स्टेशनवर त्यांना पोचवायला आलेल्या जुन्या-नव्या भाडेकरूंनी अर्धा फलाट भरला होता. गाडी हलली तशी मला रडू आलं. सिस्टर खिडकीतून बोलल्या, "रडून काय राह्यली? घर घेतलेल्यानं रडू नाही." आणि गाडी गेली.

आठवडाही झाला नव्हता, तोच त्यांचा फोन आला. मी तब्येत विचारणार, तर मला बोलूच दिलं नाही.

"हे पाह्य, लेकीच्या गल्लीत कोपऱ्यावर एक बंद घर हाय. मालक परगावी राह्यते. भिंती सरळ हायेत, मी गॅलरीतून रोज पाहून राह्यली. शाळेले सुट्टी कधी हाय तुह्या?"