उलटं फिरवलेलं रीळ

जव्हार संस्थानात मास्तर होतो तेव्हा मी तापट होतो, आणि शाळेच्या नियमांचा मला भारी अभिमान. महिनाभर गैरहजर राहिलेल्याचं नाव हजेरीपटातून कमी करायचं, हा त्यातलाच एक नियम. सूर्यमाळची एक मुलगी शाळेच्या गावात आत्याकडे राहून तिसरीत शिकत होती. तिचा भाऊही माझ्याच शाळेत होता; तो आईबापाबरोबर वसईकडे मिठागरांवर मजुरीला गेला आणि महिना उलटताच मी त्याच्या नावावर रेघ मारली. शिमग्याला तो आला की वर्गात घ्याल ना, असं ती रोज विचारी. नियम म्हणजे नियम, असं मी रोज सांगे. दोघंही हट्टाला पेटलो होतो.

त्याच सुमारास मुंबईच्या एका मित्राने हाताने फिरवायचं सिनेमायंत्र आणि एक मुका माहितीपट वापरायला दिला. मेक्सिकोतली कुटुंबं अमेरिकेत शेतमजुरीला जातात, त्याचा. भूगोल शिकवायला याहून काय हवं! भरदुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या, मोटारीच्या बॅटरीवर दिवा पेटवला आणि हँडल फिरवत मी ऐटीत सांगू लागलो. पण पोरांना माझी गरजच नव्हती. दाराला कडी लावून निघालेली माणसं, लॉरीतली गाडगी-अंथरुणं, बीट उपटणारं आख्खं कुटुंब, हातावर मक्याची भाकर थापणारी बाई, सगळं त्यांच्या ओळखीचं. भाकर जाड झाली, असंही एकीने ऐकवलं.

रीळ संपलं. पोरं उठेनात. आमच्याकडे मजुरीला गेलेलं माणूस शिमग्याला घरी येतं म्हणजे येतंच, आणि ही माणसं तर शेतातच राहिली होती. उरलेला सिनेमा मी दडवून ठेवलाय, असा पोरांचा पक्का समज झाला. तिकडे शिमगा नसतो, हे मी तीनदा सांगितलं. कुणी हललं नाही. शेवटी वैतागून मी हँडल उलटं फिरवलं.

काय हसली पोरं! बीटं परत मातीत शिरली, भाकर तव्यावरून उठून बाईच्या हातात आली, लॉरी मागे मागे धावली आणि माणसं उलट्या पावलांनी आपापल्या घरात शिरली. मीही पोट धरून हसत होतो.

ती मुलगी तेवढी उठली. टेबलावरचा हजेरीपट तिने माझ्यापुढे धरला.

"गुरजी, घरा आली ती माणसां. आतां भावाचा नाव लिवा."

शिमग्याला अजून तीन आठवडे होते. मला माझीच लाज वाटली. टाक दौतीत बुडवून मी त्याचं नाव पुन्हा ठळक अक्षरात लिहिलं, आणि त्या दिवशीची हजेरीही लावून टाकली.