अर्लीनची फौजी सवलत
गॅल्व्हस्टनच्या बंदरातून सहलीचं जहाज सुटलं आणि अर्लीन प्रूइटचं डोकं फिरलं. खोलीच्या खात्यात जहाज कंपनीच्या शेअरधारकांना मिळणारी सवलत जमा झाली होती, फौजींची नव्हती. दोन्हींचे कागद तिने एकत्रच पाठवले होते.

ती नवऱ्याला, फ्लॉइडला घेऊन तडक काउंटरवर गेली. तिथला पोरगा फ्लॉइडकडे बघून अदबीने म्हणाला, "सर, फौजेतून सुटल्याचा तुमच्या नावाचा दाखला मिळाला नाही."

"कसा मिळेल? तो कधी होता फौजेत?" अर्लीन म्हणाली. "वाळवंटातल्या लढाईत पेट्रोलचे टँकर मी चालवलेत. हा तेव्हा ह्यूस्टनला गालिचे विकत होता. आलेल्या दाखल्यावरचं नाव वाच की जरा."

तिला हे नवं नव्हतं. चर्चमध्ये, हॉटेलात, फौजी म्हटलं की माणसं सरळ फ्लॉइडचाच हात हातात घेत. तो बिचारा ओशाळून म्हणायचा, "मी नाही, ही." आणि तेवढ्यावर ती इतकी वर्षं राग गिळत आली होती.

पोराने दाखला वाचला, माफी मागितली, सवलत जमा केली. मग फौजींना सगळेच म्हणतात तसं म्हणाला, पण पुन्हा फ्लॉइडकडेच बघून, "देशासाठी केलंत त्याबद्दल आभारी आहे, सर."

फ्लॉइडचा हात छातीवर गेला. "कर्तव्यच होतं माझं," तो बोलून गेला.

अर्लीन त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या सफाईने पहिल्या खेपेला कुणाला जमत नाही.

"हात खाली घे, फ्लॉइड," ती म्हणाली.