साहेबाची शेगडी घेऊन मुळशीला

मुळशीला आम्ही गेलो ते तलाव बघायला नाही, कॉफी भाजायला. हल्ली कुणालाही सांगितलं की हसतात. हसा बापडे. बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट, लग्न होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चहाला ते गवताचं पाणी म्हणत. चिकमगळूरच्या एका मित्राकडून कच्च्या बिया मागवायच्या आणि घरच्या अंगणात स्वतः भाजायच्या, हा त्यांचा नेम. त्यासाठी छावणीतल्या लिलावात त्यांनी एका गोऱ्या साहेबाची मांस भाजायची शेगडी घेतली होती. तीन पाय, वर लोखंडी जाळी. सासूबाईंनी ती सात वेळा चिंचेने घासली, तरी घराच्या उंबऱ्याआत येऊ दिली नाही. जाळीवर ठेवायला मामंजींनी दांड्याचा एक तारेचा डबा करून घेतला होता. सासूबाई त्याला उंदराचा पिंजरा म्हणत.

गेल्या काही महिन्यांत मात्र मामंजींची प्रत्येक भाजणी करपत होती. कॉफी म्हणून आम्ही कोळशाचं पाणी पीत होतो. शेवटी शेजारणीचे वाळत घातलेले पापड धुराने काळे झाले आणि सासूबाईंचा बांध फुटला. "ही शेवटची. आता करपली तर शेगडी भंगारात." मामंजी ताडकन उठले. म्हणाले, पुण्याच्या दमट कोळशावर कॉफी होणारच नाही, मुळशीला धोंडिबाकडे जाऊन भाजतो. धोंडिबा हा त्यांच्या हाताखालचा जुना माणूस, त्याचं घर धरणाजवळ. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "तूही जा. त्यांच्यावर लक्ष ठेव."

सकाळच्या एसटीत कंडक्टरने शेगडी बघितली आणि घंटीच देईना. "हे काय म्हनायचं, आजोबा?"

"शेगडी."

"मग लगेज लागंल. का मांडीवर घेताय?"

मामंजींनी घेतली की हो मांडीवर. पौडपर्यंत सगळी गाडी त्यांच्याकडे बघत होती आणि मी खिडकीबाहेर. पिरंगुटच्या घाटात माझ्या पोटात ढवळलं. तुम्ही जाणार असाल तर पुढच्या बाकावर बसा आणि जवळ लिंबू ठेवा. पौडला गाडी वीस मिनिटं थांबली. तिथली कांदाभजी इतकी खमंग, की मी तळणाच्या वासानेच अर्धी खाली उतरले होते. मामंजी म्हणाले, "कुठे काय, मला तर बेताचीच वाटली." मी म्हटलं, असतील बाई नखरे.

धोंडिबाचं घर भातखाचरांच्या कडेला. आंबेमोहोर नुकताच घरात आलेला. त्याची बायको सखूबाई लांबूनच म्हणाली, "या, हात-पाय धुवा." मामंजींनी बियांची पिशवी चुलीपाशी ठेवली आणि आम्ही तिघं धरणाचं पाणी बघायला गेलो. निळंशार, डोंगराच्या पोटात शिरलेलं. त्याखाली आपलं आजोळ गेलं, असं धोंडिबा अगदी सहज सांगून गेला.

परत आलो तर ओसरीवरच उकळलेल्या गवताचा उग्र वास. मी नाकाला पदर लावला. मामंजी मात्र आनंदाने आत शिरले. "वा, आमटी का?"

"कसला वाल हाय ह्यो, आप्पा?" सखूबाई पळी आपटत मामंजींना म्हणाली. "दोन तास रटारटा शिजतोय, पन दातच लागंना. गूळ घातला, आमसूल घातलं."

तिने पाहुणचार म्हणून अर्धी पिशवी आमटीला लावली होती. एक बी तोंडात टाकून मामंजींनी बराच वेळ चघळली आणि म्हणाले, "चव आहे हो." माणूस सज्जन होता, त्यात वाद नाही.

आता उरली होती अर्धी पिशवी. म्हणजे एकच भाजणी. अंगणात निखारे पेटले, मामंजी पाटावर बसले आणि तारेचा डबा फिरवत स्वतःच्या नाकाचं कौतुक सांगू लागले. "कॉफीला नाक लागतं, सुनबाई. खडकीच्या पुलावरून सांगायचो मी, कुणाकडे काय शिजतंय."

सखूबाई म्हणाली, "आप्पा, तुमचं धोतार जळतंय न्हवं."

सोग्याला निखारा लागून तळहाताएवढं भोक पडलं होतं. जळक्या कापडाच्या वासाने मला खोकला येत होता. ओसरीवरचं कुत्रंसुद्धा उठून गेलं होतं. धोंडिबाने तांब्या ओतला. मामंजी खाली बघत राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला. मग मला सगळं कळलं. इतके महिने करपलेली कॉफी, बेताची भजी, वालाची आमटी. ह्या माणसाला कसलाच वास येत नव्हता आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

धोंडिबा पाणी आणायला वळला तेव्हा ते हळूच म्हणाले, "सुनबाई, आता कसला वास येतोय?"

"भाकरी भाजल्यासारखा."

"अजून वेळ आहे."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "गुळाच्या पाकासारखा." डब्यात तडतड सुरू झाली. सखूबाई म्हणाली, "आमी लाह्या भाजतो तवा तडतड मंदावली की उतरवतो बगा." मामंजींनी कान दिला, मी नाक दिलं. बिया सुपात ओतल्या तेव्हा त्या नव्या चिंचोक्यासारख्या तांबूस-काळ्या चकाकत होत्या. मामंजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला रडूच येणार होतं, पण परतीची गाडी चुकली असती.

घरी आल्यावर मामंजींनी स्वतः कॉफी केली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. सासूबाई कप बाजूला ठेवून धोतर धुवायला घेत होत्या. भोकातून बोट घालून म्हणाल्या, "जळताना त्यांना कळलं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"गणपतीपासून त्यांना धुपाचासुद्धा वास येत नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तर लाजेने कॉफीच सोडली असती. म्हणून विचारलं नाही."

"मग शेगडी भंगारात कशाला घालत होतात?"

"एकटे विस्तवापाशी बसतात गं. जीव टांगणीला लागतो माझा." त्यांनी डोळे पुसले. "राहू दे शेगडी. ते भाजायला बसले की तू तिथेच गहू निवडत बस. मी सांगितलं म्हणू नकोस."

पुढची नऊ वर्षं मी अंगणात गहू निवडले. एवढे गहू आमच्या घरात खात कोण होतं, हे मामंजींनी कधी विचारलं नाही. मुळशीला नंतर कितीदा तरी गेले, पण त्या खेपेतली ही गहू निवडायची सवयच काय ती घरी राहिली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी कप उचलला आणि उभ्या-उभ्या तळापर्यंत संपवला. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जरा कडूच झालीये हो."

बाहेरून मामंजींचा आवाज आला, कितीतरी महिन्यांनी असा खुशीतला. "तुला काय कळतंय कॉफीतलं."