मॉल पाडताना भेटलेल्या सुनंदाकाकू

मंडळी, भाईंदर पूर्वेचा आपला बंद पडलेला मॉल आजपासून पाडायला घेतलाय. उघडला तेव्हा आत शिरायला रांग लागायची. मग थिएटर बंद झालं, पाठोपाठ कपड्यांची दुकानं गेली. शेवटी तर सरकत्या जिन्यावर कुत्री झोपायची.

सकाळी दूध आणायला गेले, तर समोरच्या फुटपाथवर आमच्या बिल्डिंगमधल्या सुनंदाकाकू उभ्या होत्या. मी म्हटलं, "वाईट वाटतंय ना काकू? आमच्या मुलांचे वाढदिवस इथेच व्हायचे."

"मी कधी आत गेलेच नाही गं," त्या म्हणाल्या. "आमचे हे इथे गवंडीकामाला होते. बांधकाम चालू असताना वरून पडले."

काका अपघातात गेले, एवढंच मला माहीत होतं. कुठे, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात मशीनने पुढची भिंत खाली आणली. काकू नाकाला पदर लावून बघत राहिल्या. धूळ बसल्यावर म्हणाल्या, "पाडायचाच होता, तर बांधला कशाला?"

मी त्यांचा हात धरून घरी घेऊन आले.

तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?