मामा घेऊन गेला

ती संध्याकाळ अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. पण मुलुंडच्या पाळणाघरातली, हरवलेल्या मुलीची ती रिकामी चटई आजही लख्ख आठवते.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मुलुंडला सब-इन्स्पेक्टर होतो. अख्ख्या इमारतीत एखाद्याच घरी टेलिफोन असे, शनिवारी ऑफिसं अर्धा दिवस चालत आणि आमच्या ठाण्याची जीप ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. माणसं एकमेकांच्या घरात न विचारता शिरत. छान दिवस होते. आमच्या कामाला मात्र ते भोवत.

त्या शनिवारी दिवेलागणीच्या सुमाराला फोन आला. पलीकडचा माणूस घाबरून बोलत होता. "साहेब, लवकर या. आमच्या बिल्डिंगमधल्या पाळणाघरातून पोरगी गेली."

पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. चालवणाऱ्या बाई मालवणकडच्या, विधवा, सगळे त्यांना मावशी म्हणत. आत पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यात स्टोव्ह फरफरत होता आणि त्याच्या हातभर अंतरावर एक बाळ रांगत होतं. गॅलरीला गज नाहीत, दाराला आतून कडी नाही. मी हवालदाराला आधी स्टोव्ह विझवायला लावला आणि मगच चौकशीला बसलो.

हरवलेली मुलगी तीन वर्षांची होती. खरं नाव सांगत नाही, छकुली म्हणू. आई-वडील दोघेही नोकरी करणारे. वडील कामासाठी नाशिकला गेले होते. आईचं ऑफिस शनिवारीही पूर्ण वेळ चाले, आणि त्या दिवशी तर तिला उशीरच झाला. ती घ्यायला आली तेव्हा मावशींनी सहज सांगितलं, "अगो, तिका मामा घेवन गेलो."

आई म्हणाली, "मला भाऊच नाही."

हे ऐकलं आणि मावशी खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी विचारलं, हवालदाराने दरडावलं, पण त्या शब्द बोलेनात. दाराशी गर्दी जमली होती. "बाईने पोर विकली" इथपर्यंत मजल गेली. आईचा धीर सुटला. ती मावशींच्या अंगावर धावली, तेव्हा शेजारणींनी तिला धरलं.

आम्ही सगळ्यांना ठाण्यावर आणलं. छकुलीचं वर्णन वायरलेसवरून सगळ्या ठाण्यांना कळवलं. देवनारच्या कचऱ्याच्या डम्पिंगपर्यंत माणसं पाठवली. तिथे माणसं का पाठवतात ते मी त्या आईला सांगितलं नाही.

हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, बाई बनेल आहे. माझ्या ताब्यात द्या, पटकन बोलेल." मी नको म्हटलं. अपराधी माणूस गप्प बसतो तेव्हा त्याची नजर दाराकडे असते. मावशी एकटक त्या आईकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीतीपेक्षा कोडंच जास्त दिसलं.

मी त्यांना चहा दिला आणि सरळ प्रश्न बाजूला ठेवले. "मावशी, मुलीच्या अंगावर काय होतं? वर्णन पुरं करायचंय."

हा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातला होता. उत्तर आपसूक आलं. "पिवळो फ्रॉक, साहेबानू. तोंड धुतलं, दोन वेण्या घातलं, काजळ घातलं, तीट लावलं."

मी पेन खाली ठेवलं. विकायला काढलेल्या पोरीला कोणी तीट लावत नाही.

"संध्याकाळच्या वेळी एवढा थाट कशासाठी?"

"आजी बघतली मा! आजारी आसा ती. म्हातारेन नातीक कधी बघूक नाय..." बोलता बोलता मावशी थांबल्या आणि पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. "माका त्याणां फसवल्यान काय हो?"

तेवढ्यात पलीकडच्या बाकावरून आवाज आला, "काय झालंय आईला?"

मी वळलो. छकुलीची आई उभी होती, चेहरा पांढराफटक.

"बाई," मी म्हटलं, "तुम्हाला भाऊ आहे की नाही?"

"होता," ती म्हणाली.

मग दोघींच्या बोलण्यातून सगळं बाहेर आलं. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध परजातीत लग्न केलं होतं. थोरल्या भावाने तिला उंबऱ्याबाहेर काढलं, आणि त्या दिवसापासून भाऊ नाही असंच ती जगाला सांगत आली. रागाच्या भरात सांगितलेली गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की पोरगी हरवली तेव्हाही तोंडातून तीच निघाली. इकडे भावाला पश्चात्ताप झाला, पण बहिणीसमोर यायची हिंमत होईना. तो शनिवारी दुपारी मावशींच्या दारात येऊन बसायचा आणि भाचीला खेळवायचा. "बहिणीला सांगू नका" अशी त्याने मावशींना शपथ घातली होती. नाक-डोळे बहिणीसारखेच, मावशींनी तेवढ्यावर विश्वास ठेवला. पण आईनेच भाऊ नाही म्हटल्यावर त्यांना स्वतःच्या डोळ्यांची खात्री वाटेना.

जीप ढकलली आणि आम्ही वाकोल्याला तिच्या माहेरी निघालो. चाळीत दार उघडंच होतं. आत खाटेवर म्हातारी पडलेली, आणि छकुली तिच्या उशाशी बसून तिला बिस्किट भरवत होती. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. मी खरंच सुटकेचा निःश्वास टाकला.

भाऊ हात जोडून उभा राहिला. "साहेब, तासाभरात परत नेणार होतो. आईला एकदम धाप लागली, डॉक्टरला आणायला धावलो."

"सख्खा मामा असलास तरी आई-बापाच्या संमतीशिवाय मूल नेणं म्हणजे अपहरण," मी आवाज चढवला. "तुझ्या बहिणीचा आज जीव जाता जाता राहिलाय."

ती अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती. आतून म्हातारी क्षीण आवाजात म्हणाली, "आत ये गं. किती वेळ उभी राहशील?" ती आत गेली. मी हवालदाराला घेऊन जिन्यात विडी ओढायला गेलो.

तिने तक्रार करायची नाही असा जबाब दिला. वरिष्ठांनी भावाला सक्त ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. त्या काळी रस्त्यावर पानाची टपरी टाकायची तरी परवाना लागे, पण दुसऱ्यांची डझनभर पोरं घरात सांभाळायला कोणी काही विचारत नसे. म्हणून मी हद्दीतली पाळणाघरं फिरलो. स्टोव्ह वेगळ्या खोलीत, गॅलरीला गज, दाराला वरची कडी, एका बाईकडे झेपतील तेवढीच मुलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई-बापाने ज्याचं नाव सांगितलंय त्याच्याच हाती मूल. असं सांगायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पण वर्दीतल्या माणसाला अधिकार विचारायची तेव्हा पद्धत नव्हती, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. अनोळखी माणसाला लोक आपणहून हटकतात. नियम लागतो तो ओळखीच्या माणसासाठी, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

काही महिन्यांनी गस्तीवर असताना मावशींकडे डोकावलो. गॅलरीला हिरव्या रंगाचे गज लागले होते. छकुलीने जीप पाहिली आणि माझा हातच धरला. मी म्हटलं, "मावशी, कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून आणतो हिला."

मावशींनी पोरीला उचलून कडेवर घेतलं. "आयेन सांगल्याशिवाय पोरगी उंबऱ्याभायर जावची नाय, साहेबानू. तुमीच सांगलास मा?"

वर्दीतल्या अधिकाऱ्याला तोंडावर नाही म्हटलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी बाहेर आलो, तर जिन्याच्या पायरीवर बिस्किटांचा पुडा घेऊन मामा बसलेला.

"तुम्हालाही नाही दिली?" त्याने विचारलं.

"नाही."

मी त्याच्या शेजारी टेकलो. थोड्या वेळाने ऑफिसची पर्स खांद्याला लावून छकुलीची आई आली. पायरीवर शेजारी शेजारी बसलेले आम्ही दोघे बघून ती हसली, आणि दारातूनच तिने मावशींना हाक मारली.

"मावशी, सोडा तिला. तिचा मामा आलाय."