पलीकडे बसलेला फिटर

मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळ्या ‘तोफ’ म्हणत. कुणावर अन्याय झाला की हिचा आवाज मशिनांच्याही वर चढायचा. म्हणूनच मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावून कामगारांची प्रतिनिधी करून टाकलं. मतदान नाही, विचारणं नाही. “आता जरा आमच्या बाजूनं उड,” म्हणाला आणि हसला.

आज परदेशातल्या मुख्य कंपनीचे दोन पाहुणे आले होते. सकाळी फाटकातच जावेनं तिचा दंड धरला. “आज पंख्याचं बोल गं बाई. नाहीतर माझं काही खरं नाही.” जाऊ फोम चिकटवायच्या खात्यात होती. तिथला गोंदाची वाफ बाहेर फेकणारा पंखा कधीचा बंद होता. बायका चक्कर येऊन पडायच्या, तोंडावर पाणी मारून परत उभ्या राहायच्या.

लांबलचक टेबल. पलीकडे मॅनेजर आणि त्याला खेटून दोन्ही पाहुणे. अलीकडे ही एकटी. त्यातल्या जाड्या पाहुण्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, “काही अडचण?”

तिनं मॅनेजरकडे पाहिलं. “नाही साहेब. सगळं छान आहे.”

बाहेर येताच जाऊ म्हणाली, “काय गं, तोफेत पाणी शिरलं?”

पाहुण्यांना घेऊन आलेला ड्रायव्हर ऐकत होता. “ताई, तो जाड्या साहेब नाही, फिटर आहे. दुभाष्यानं गाडीत सांगितलं. त्यांच्याकडे कामगार मतं देऊन आपला माणूस निवडतात. तसा निवडून आलेला हा. कायद्यानं मालकांच्या मांडीला मांडी लावून बसतो. खरं बोलला म्हणून त्याला कुणी काढत नाही.”

“मग मेला त्या बाजूला कशाला बसला!” म्हणत ती वळली. पाहुणे गाडीत बसत होते.

ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली. “मघाशी मी खोटं बोलले. पंखा बंद आहे. आमच्या बायका पडतात तिथं.”

दुभाष्यानं मॅनेजरकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे काय बघतोस? सांग की!”

त्यानं सांगितलं. फिटरनं उलट विचारलं, “तुला कुणी निवडलं?”

तिनं मॅनेजरकडे बोट केलं.

फिटर गाडीतून उतरला. मॅनेजर तिच्या कानाशी पुटपुटला, “उद्या आधी मला भेट. येताना गेटपास जमा करायला घेऊन ये.”

फिटर उद्या विमानात असेल, त्याचा कायदा त्याच्यासोबत जाईल. ही इथंच.

ती दुभाष्याकडे वळली. “आत्ता हे काय म्हणाले, तेही सांग त्यांना.”