सही नको, पत्र हवं

फेथला पहिल्या वर्षी परदेशातल्या एकूण एक विद्यापीठानं नकार दिला, तेव्हा तिची आई ग्लॅडिस म्हणाली की देवाची मर्जी नव्हती, आता तो नाद सोड. फेथनं आईला सांगितलं, देवाला यात ओढू नकोस, चूक माझी आहे आणि ती मी शोधणार. शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेली ही पोरगी. रविवारी उपासनेत पेटी वाजवते, प्रार्थनेला मान खाली घालते, पण हार मानायची म्हटली की तीच मान अशी ताठते की बघायलाच नको.

संख्याशास्त्रात एमएस्सी करून ती रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली होती आणि कारेगावात खोली घेऊन राहत होती. पगार बरा होता, काम सोपं होतं, आणि तेच तिला सलत होतं. बाजार उद्या वर जाईल की खाली हे कुणालाच कळत नाही, पण न कळण्याचंसुद्धा माप काढता येतं, ही गोष्ट एमएस्सीला असताना तिच्या डोक्यात शिरली ती शिरलीच. त्या विद्येला क्वांटिटेटिव्ह फायनान्स म्हणतात. तिला ती परदेशात, मुळापासून शिकायची होती. चर्चच्या मंडळीतल्या बायका विचारायच्या, म्हणजे बँकेत लागणार का गं? ती हो म्हणून मोकळी व्हायची. कुणाकुणाला समजावत बसणार?

चूक सापडली ती एका रविवारी दुपारी. अर्जासोबत तीन जणांची शिफारसपत्रं लागतात. आपल्याकडची रीत अशी की सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट सरांना त्रास दिला नाही म्हणून पोरगी समजूतदार ठरते. फेथनंही तिन्ही पत्रं स्वतःच लिहिली होती. आता ती एकापुढे एक ठेवून वाचली, तर तिन्ही माणसं एकाच सुरात, एकाच शब्दांत तिचे गोडवे गात होती. कॉलेजचे सर, कंपनीचे मॅनेजर, एमएस्सीचे विभागप्रमुख, सगळे जणू एकाच आईची लेकरं. लाजेनं तिचे कान तापले. वाचणारे काय दूधखुळे असतात?

मॅनेजर आणि विभागप्रमुख यंदा स्वतः लिहायला तयार झाले. अडलं ते आनंदराव सरांपाशी, आणि तेच पत्र सगळ्यात मोलाचं होतं. बीएस्सीला तिला गणित शिकवलं ते त्यांनी. आता निवृत्त होऊन न्हावऱ्यात राहतात, म्हशी पाळतात, सकाळी डेअरीला दूध घालतात. फेथ एसटीनं न्हावऱ्याला गेली. सरांनी चहा पाजला, मागच्या वर्षी काय झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, यंदा जरा चांगलं लिहून आण, सही करतो. ती म्हणाली, सही नको सर, पत्र हवं. सर एकदम बिघडले. गावातली सगळी पोरं असंच करतात, तूच काय मोठी लागून गेलीस, म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

दुसरी असती तर मुकाट्यानं घरी गेली असती. फेथ पुढच्या रविवारी उपासना आटोपून परत दारात हजर. सरांनी तिला बघून न बघितल्यासारखं केलं. तेव्हा त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, तिला चुलीपाशी बोलावून हळूच सांगितलं की बाई, त्यांना इंग्रजी लिहायची भीती वाटते. जन्मभर वर्गात मराठीतूनच गणित समजावलं, फळ्यावर नुसते आकडे लिहिले, आता चार लोकांत हसं होईल म्हणतात. हे ऐकून फेथला स्वतःचाच राग आला. सरांना कशाची भीती वाटत असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती गोठ्यात गेली. सर धार काढत होते. ती म्हणाली, "सर, तुमचं इंग्रजी चुकलं तरी माझं काही बिघडत नाही. पत्र तुमचं नसलं, तर मात्र मी यंदा अर्जच करत नाही."

सरांनी धार पुरी केली, बादली बाजूला ठेवली. "लिवतो. पन तुला वाचाया मिळायचं न्हाई."

"नकोच मला."

पत्र त्यांनी कधी, कसं लिहिलं कुणास ठाऊक. विद्यापीठाकडं परस्पर पोचलं एवढं तिला कळलं. मग जानेवारीत एका विद्यापीठाचं मुलाखतीचं बोलावणं आलं, व्हिडिओवर. यंदा ज्या एका ठिकाणावर तिचा सगळा जीव होता, तेच.

मुलाखतीच्या संध्याकाळी कारेगावच्या खोलीत तिनं खिडकी लावून घेतली, तरी शेजारच्या बिहारी पोरांच्या कुकरच्या शिट्ट्या आत येतच होत्या. समोर पडद्यावर पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाई. अर्धा तास गणितावर बोलणं झालं, छान झालं. आणि मग बाईंनी चष्मा लावला नि विचारलं, "तुमच्या एका शिक्षकांनी लिहिलंय की गेल्या वर्षी त्यांच्या सहीनं आलेलं पत्र तुम्ही स्वतः लिहिलं होतं. खरं आहे?"

सर, काय केलंत हे! नाही म्हणावं तर सर खोटे पडतात, हो म्हणावं तर आपण. क्षणभरच तिचं मन डळमळलं. मग ती म्हणाली, हो, खरं आहे. आमच्याकडे तशी रीत आहे, पण रीत आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. यंदाचं पत्र मी पाहिलेलंही नाही.

"मग ऐका," बाई म्हणाल्या आणि सरांचं मोडकंतोडकं इंग्रजी त्यांनी जसंच्या तसं वाचलं. त्याचा अर्थ असा होता: हिच्याहून हुशार विद्यार्थी मला चार-पाच मिळाले. पण न सुटलेलं गणित घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्या दारात उभी राहिलेली ही एकटीच.

आपण सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी आहोत असं फेथ मनातून धरून चालली होती. ते झोंबलं. आणि पुढच्याच वाक्यानं तिचे डोळे भरून आले, तेही त्या परक्या बाईंसमोर.

मार्चमध्ये प्रवेश मिळाल्याचा निरोप आला. ती पेढे घेऊन न्हावऱ्याला गेली. कस्तुराबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सर ओट्यावर बसले होते. पेढा हातात दिल्यावर तिला राहवलं नाही. जुन्या पत्राचं सांगायची काय गरज होती सर, तिनं विचारलं, माझा प्रवेश गेला असता की.

"गेला असता तर गेला असता," सर म्हणाले. "जन्मभर पोरांनी लिवल्याल्या कागदावर सह्या केल्या. माझं म्हनून कुनी कवा काय वाचलंच न्हाई. आता पयल्यांदा सोता लिवलं, ते तरी त्यांनी खरं मानावं, असं वाटलं मला. आधीचं खोटं हुतं ह्ये सांगितल्याबिगर कसं मानत्याल?"

फेथ सरांच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसली.